मोझेशने झऱ्याचा निरोप घेतला

हार्शाद गावात मी एकेचाळीस वर्षं पाळक होतो. तेवढ्या काळात मी तीनशे बारा माणसं पुरली आणि एका बाईला जिवंतपणी पुरलं. ही तिची गोष्ट आहे.

आधी माझी थोरवी सांगून टाकतो, म्हणजे पुढे ती कशी गळून पडली ते नीट दिसेल. गावाला बस नव्हती, ती मी अर्ज करकरून आणली. बस सकाळी शहराला जाई. परतीची बस मिळवायला आणखी चार वर्षं लागली. तोवर लोक जाताना बसने जात आणि येताना मला शिव्या देत चालत येत. खालच्या आळीतल्या, एकेकाळी भटक्या असलेल्या रोमा लोकांच्या घरांना वीज मिळावी म्हणून मी कचेरीच्या पायरीवर उपास केला. दुसऱ्या दिवशी वीज मंजूर झाली, पण ती माझ्या उपासामुळे नव्हे. साहेबाच्या मेव्हण्याला त्याच आळीत पिठाची गिरणी काढायची होती. दगडखाणीचा बुलडोझर अडवायला मी भर हिवाळ्यात त्याच्यापुढे बर्फात आडवा झालो आणि दोन तास तसाच पडून राहिलो. नंतर कळलं की ड्रायव्हर सकाळीच डुक्कर कापायला त्याच्या गावी गेला होता. पाठ अजून दुखते.

आम्ही युनिटेरियन माणसं. चर्चच्या दारावर ‘देव एकच’ असं कोरलेलं आहे. देव एक की तीन रूपांत, हा वाद आमच्या पूर्वजांनी चारशे वर्षांपूर्वीच मिटवून टाकला, त्यामुळे बाकी सगळ्या गोष्टींवर भांडायला आम्हाला भरपूर वेळ मिळतो. उपदेश झाला की लोक ‘आमेन’ म्हणतात, आणि मग दारात हात मिळवताना, “पाळकबाबा, तो मधला मुद्दा काही पटला नाही हं,” असंही म्हणतात.

पण माझ्या एका गुणाबद्दल गावात वाद नव्हता. तो गुण म्हणजे पाठांतर. मी तासभर बोललो तरी माझ्या हातात कागद नसे. शेजारच्या गावचे पाळक कागदात नाक खुपसून बोलत, आणि आमची मंडळी त्यांना हसत. “आमच्या बाबांच्या डोक्यात पुस्तकांचं अख्खं कपाट आहे,” म्हणत.

खरी गोष्ट अशी की मी सहाव्या वर्षी मेंढ्यांमागे गेलो आणि सोळा वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर कळत नव्हतं. पुढे शिकलो, पाळकही झालो, पण वाचणं कायम चढावरच्या बैलगाडीसारखं राहिलं. बोट ठेवल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. म्हणून विल्मा, माझी बायको, कोबीची पानं गुंडाळता गुंडाळता मला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि मी ऐकून पाठ करायचो. लोकांना ती विद्वत्ता वाटली. त्यांचा गैरसमज दूर करावा असं मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही.

आता मोझेशकडे येतो.

आमच्याकडे मेलेला माणूस स्वतः निरोप घेतो. तोंड पाळकाचं असतं, पण बोलतो तो. शवपेटी अंगणात ठेवतात, सगळा गाव भोवती उभा राहतो, आणि पाळक त्याच्या वतीने एकेकाला नावाने हाक मारतो. ‘माझ्या लाडक्या मुला, तुझा निरोप घेतो. माझ्या सुने, माझ्या नातवंडांनो, तुमचा निरोप घेतो.’ मग भावंडं, व्याही, शेजारी, बरोबर लाकूड तोडणारे सोबती. ज्याचं नाव येतं तो रडतो. ज्याचं राहतं तो रडत नाही. तो घरी जातो आणि ते मरेपर्यंत लक्षात ठेवतो. नाव राहिलं याचा अर्थ मेलेल्याने जाता जाता त्याच्या तोंडावर दार लावलं. आणि ते दार परत उघडायला तो काही येत नाही.

गाल्फी मोझेश वारला तेव्हा एकोणऐंशीचा होता. बायको आधीच गेलेली. मुलगा आरोन शेजारच्याच घरात राहायचा. आणि पाच वर्षांनी धाकटी, विधवा बहीण रेबेका रस्त्यापलीकडे. बापाच्या अंगणातली आलुबुखाऱ्याची तीन झाडं वाटणीत नेमकी दोघांच्या वाट्यांमधल्या कुंपणावर आली, आणि दारू कोणी गाळायची यावरून अकरा वर्षं भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते. दारू मात्र दोघांकडेही उत्तम होती.

मरायच्या दोन दिवस आधी त्याने मला बोलावलं. आरोन गाय दोहायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

“पाळकबाबा,” मोझेश म्हणाला, “निरोपात रेबेकाचं नाव पहिलं घ्या.”

“मुलाच्या आधी? गाव काय म्हणेल?”

“गावाचं नाव घेऊच नका. मुलाशी मी रोज बोलतो. त्याला सांगायचं काही राहिलेलं नाही.”

“बरं. घेतो पहिलं.”

“लिहून घ्या.”

“मोझेशकाका, मी कधी काही लिहून घेतलंय का?” मी म्हणालो आणि कपाळावर बोट आपटून दाखवलं. ते बोट मला आजही टोचतं.

त्याच दिवसांत गावात झऱ्याची लढाई चालू होती. आमच्या गावाच्या टोकाला क्षाराच्या पाण्याचा झरा आहे. पाण्याला बुडबुडे असतात आणि गंजाची चव असते. बाहेरचा माणूस पहिला घोट थुंकतो आणि दुसऱ्यासाठी परत येतो. संध्याकाळी सगळा गाव तिथे घागरी घेऊन जातो. तिथे साखळीला पत्र्याचा एक पेला टांगलेला आहे. रीत अशी की ज्याचं भरून झालं त्याने पेला विसळून पुढच्याच्या हातात द्यायचा. पुढचा वैरी असला तरी.

एका कंपनीला तो झरा हवा होता. भोवती कुंपण, वर शेड, बाटल्या, बारा जणांना नोकऱ्या, आणि गावाला सकाळी दोन तास बाहेर एक नळ. झरा, जंगल आणि कुरण ही जुन्या एकसष्ट घरांची सामाईक मालकी. घराला एक मत. मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि विरोधी बाजूचा पुढारी अर्थातच मी होतो. अशी संधी मी कधी सोडली आहे?

मोझेशच्या दफनाचा दिवस. गाल्फींचं अंगण चढावर आहे, तिथून झरा थेट दिसतो. शवपेटीजवळ उभा राहून मी तोंड उघडणार, तोच खाली एक पांढरी गाडी थांबली. दोन माणसं उतरली. त्यांनी तिकाटणं उभं केलं आणि झऱ्याभोवती फीत धरून मोजायला लागली. मतदान व्हायच्या आधी!

माझं डोकं भणाणलं. तोंडाने सुरुवात केली ती थेट आरोनपासून. नावामागून नाव येत गेलं, त्रेपन्न नावं, कुठे अडखळलो नाही. पण डोळे खाली त्या फितीवर होते. आणि शेवटी मला अशी काही स्फूर्ती आली की विचारू नका. हात झऱ्याकडे करून मी मोझेशच्या तोंडून म्हणालो, “आणि तुझाही निरोप घेतो, माझ्या झऱ्या! माझ्या बापाने तुझं पाणी प्यायलं, त्याच्या बापाने प्यायलं. तुला कोणी कुलूप लावलं तर मला मातीखाली झोप लागणार नाही!”

बायका हुंदके द्यायला लागल्या. दोन-तीन पुरुषांनी टोप्या डोळ्यांना लावल्या. खाली त्या दोघांनी फीत गुंडाळली. मनात म्हटलं, डेनेश, आज तू कमाल केलीस.

घरी आलो, सूप पुढ्यात घेतलं. “विल्मा, कसा झाला निरोप?”

विल्मा पावाचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “अहो, रेबेकाचं नाव कुठे होतं?”

चमचा तोंडापर्यंत गेला होता. तिथेच राहिला.

“ती फाटकाशी उभी होती,” विल्मा म्हणाली. “अकरा वर्षांनी त्या अंगणात पाऊल टाकलं होतं तिने. माती टाकायच्या आधीच निघून गेली. तुम्ही तेव्हा झऱ्याकडे हात करून उभे होतात.”

पुढच्या रविवारी चर्चमधला बायकांच्या बाजूचा तिसरा, गाल्फींचा बाक रिकामा होता. आमच्याकडे प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. रिकामा बाक म्हणजे सगळ्यांसमोर वाचून दाखवलेली तक्रार. गाल्फींची घरं गावात बरीच. आरोनचं घर सोडलं तर रेबेकाचं धरून बाकीची सहा, आणि ती सहाही रेबेकाच्या शब्दातली.

मंडळीचा कारभारी ओर्बान उपासनेनंतर मला भिंतीशी घेऊन गेला. सुतारमाणूस, सगळं मोजून बोलणारा.

“बाबा, अठ्ठावीस घरं आपल्या बाजूची. सत्तावीस कंपनीच्या. राहिली सहा.”

“गाल्फी,” मी म्हणालो.

“गाल्फी. त्रेपन्न नावं पाठ होती ना तुम्हाला? मग चोपन्नावं कुठे सांडलं?”

“ते चोपन्नावं नव्हतं. पहिलं होतं.” आणि मी त्याला मोझेशचं बोलणं सांगितलं.

ओर्बानने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. “हे तुम्ही तिला आता सांगणार?”

“मग काय करू?”

“ती म्हणेल, मतासाठी रचलंय. मीसुद्धा म्हटलं असतं. मी तुमच्या बाजूचा असून.”

तेच तर होतं. मोझेशचा निरोप तिच्यापर्यंत पोचवायचा होता, आणि तो नेमका अशा वेळी की माझ्या तोंडून तो थापच वाटणार. मी गेलो तरीही.

रेबेका ओसरीवर मक्याचे दाणे सोलत बसली होती. दार सताड उघडं.

“या,” ती म्हणाली. “दार तुमच्यासाठी उघडं नाही, कोंबड्यांसाठी आहे. पण या.”

“रेबेकाताई, माझ्याकडून चूक झाली.”

“तुमच्याकडून कसली? मोझेशने सांगितलं तसं केलंत. मरेपर्यंत त्याच्या पोटात ती तीन झाडं होती.”

“नाही हो. त्याने सांगितलं होतं की तुमचं नाव पहिलं घ्यायचं. आरोनच्याही आधी.”

तिचे हात थांबले. कणसावर अंगठा तसाच दाबून ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली.

“किती मतं कमी पडतायत, बाबा?”

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. “तीन.”

“तीन मतांसाठी पहिलं नाव! सहा लागली असती तर मोझेश माझ्या पायाच पडला असता की.”

“देवाशपथ सांगतो.”

“देव होता का तिथे साक्षीला?”

“तोच होता. दुसरं कोणी नव्हतं.”

“तुमच्या-आमच्यात तो एकटा, आणि त्याला कामं किती,” ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. “मी फाटकातून तुमचे डोळे बघत होते. ते मोझेशवर नव्हते. माझ्या भावाने पाण्याचा निरोप घेतला, माझा नाही. सबंध गावासमोर. आणि हे तुमचं पहिल्यांदा नाही.”

“म्हणजे?”

“बससाठी सह्या गोळा करत होतात, तेव्हा माझा नवरा तापाने फणफणला होता. तुम्ही आलात, त्याचा हात धरलात, त्याच हाताने सही करून घेतलीत आणि पुढच्या घरी गेलात. पुढल्या आठवड्यात तो गेला. बस आली, छान झालं. मी बसते तिच्यात.”

मला ती भेट चांगली आठवत होती. त्याच्या पुढच्या रविवारी आजाऱ्यांची विचारपूस या विषयावर मी उपदेश केला होता, आणि त्यात तीच भेट उदाहरण म्हणून सांगितली होती.

माझ्या पायाशी एक कोंबडी आली आणि बुटाची नाडी टोचायला लागली. तिला हाकलायचीही माझी हिंमत झाली नाही.

“मी येत्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबूल करतो,” मी म्हणालो.

“चर्चमध्ये अर्धाच गाव येतो. त्या दिवशी अंगणात सगळा होता.”

“मग कुठे?”

“मतदानाला. तिथे सगळे येतील. मोझेशचा निरोप तुम्ही तिथे परत म्हणायचा, सगळ्या नावांसकट. मोझेशने खरंच पहिलं सांगितलं असेल तर पहिलं घ्या. नसेल तर नका घेऊ.”

“घेतो.”

“थांबा. कागदावर लिहून आणायचं आणि वाचायचं. तुमच्या डोक्यावर माझा आता विश्वास नाही. आणि त्या दिवशी झऱ्याबद्दल तुमच्या तोंडून एक शब्द निघाला, एक, तर मी समजेन की सगळं मतांसाठी होतं.”

“पण ताई, त्या दिवशी माझं भाषण—”

“आणि मत मी कोणाला देईन ते मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “कणसं संपली माझी. या आता.”

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा विल्माने माझ्यासाठी दारूचा छोटा पेला भरला, आणि मग स्वतःसाठीही. ओर्बानला मात्र हे सहन झालं नाही.

“झऱ्याबद्दल एक शब्द नाही? अहो, आपल्यातली काठावरची चार घरं तुमचं भाषण ऐकून ठरवणार आहेत! तुम्ही गप्प बसलात तर ती पलीकडे जातील!”

“माहीत आहे.”

“आयुष्यभर तुम्हाला गप्प बसा म्हणून सांगणारे कमी होते का? कोणाचं ऐकलं नाहीत. आणि आता बोलायची वेळ आली तेव्हा ऐकताय?”

चाळीस मिनिटांचं भाषण तयार होतं. माझ्या मते माझं सर्वांत चांगलं. अजूनही मला ते पाठ आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.

मी नावं लिहायला बसलो. लिहिणं माझं वाचण्याहूनही वाईट. चार दिवस लागले आणि चार पानं दोन्ही बाजूंनी भरली. विल्मा लिहून देते म्हणाली, तिला नको म्हटलं. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की लिहिता लिहिता ही चोपन्न नावं नव्या क्रमाने पाठ झाली आहेत. आणि मग माझ्यातला जुना मेंढपाळ जागा झाला. कागद नुसता समोर धरायचा, डोळे त्यावर ठेवायचे, मधूनमधून पान उलटायचं आणि पाठ म्हणून टाकायचं. अट पुरी होईल आणि गावासमोर ग-म-भ-न करत बसायला नको. दोन दिवस मी गोठ्यामागे पानं उलटायची तालीम केली. गाईला काही संशय आला नाही.

मतदान गावाच्या सभागृहात होतं. भट्टी पेटवली होती, ओल्या लोकरीचा वास भरला होता. एकसष्ट घरांतले कर्ते पुढे खुर्च्यांवर, बाकी गाव मागे उभा. रोमा आळीतले लोक दाराशी. त्यांना मत नाही, पण पाणी तेच पितात. रेबेका पहिल्या रांगेत, काळा रुमाल बांधून, मांडीवर हात ठेवून बसली होती.

कंपनीचा इंजिनिअर आधी बोलला. चित्रं दाखवली. चित्रातलं कुंपण फार सुंदर होतं, त्यावर वेल चढवली होती. काही बायकांनी माना डोलावल्या. मग ओर्बान उठला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता पाळकबाबा बोलतील.”

सभागृहात खुर्च्या सरकल्या. लोक सावरून बसले. वादळ बघायला बसतात तसे.

मी पुढे गेलो, कागद काढले. “आज मी माझं काही बोलणार नाही,” म्हणालो. “मोझेशच्या निरोपात माझ्याकडून चूक झाली होती. त्याने सांगितला होता तसा तो आज वाचतो.” आणि डोळे कागदावर ठेवून, आवाज लावून सुरू केलं, “माझ्या लाडक्या बहिणी, रेबेका, सगळ्यांच्या आधी तुझा निरोप घेतो. माझ्या मुला आरोन—”

“बाबा,” पहिल्या रांगेतून आवाज आला. “पान उलटं धरलंय.”

मी बघितलं. खरंच उलटं होतं. सगळी अक्षरं डोक्यावर उभी.

आधी मागून कोणीतरी फुसकन हसलं. मग भट्टीपाशी दोघं. मग सगळं सभागृह. इंजिनिअरला काय झालं ते कळलं नाही, पण तोही हसला. विल्माने तोंडावर हात घेतला. इतक्या वर्षांची विद्वत्ता अशी गेली की परत आलीच नाही.

“नीट धरा आणि वाचा,” रेबेका म्हणाली. ती हसत नव्हती. “मला घाई नाही.”

मी पान सुलटं केलं. बोट ठेवलं. आणि वाचायला लागलो.

मला वाटतं पंचवीस मिनिटं लागली. पाठ म्हणताना ही नावं माझ्या तोंडून मेंढ्यांसारखी पळायची. आता एकेक नाव दगडासारखं उचलून पुढे ठेवावं लागत होतं. गाल्फी जोझेफ. मोझेशची व्याहीण क्लारा. तिचा मुलगा. मधेच मी एका नावावर असा अडलो की घाम फुटला. माझंच अक्षर, मलाच लागेना. चौथ्या रांगेतून एक म्हातारा उठला.

“फेरेन्स, बाबा. फेरेन्स. मीच तो.”

“फेरेन्स,” मी म्हणालो, “तुझा निरोप घेतो.”

“जा बाबा, सुखाने जा,” फेरेन्स म्हणाला आणि बसला. आता हसू थांबलं होतं. लोक आपापलं नाव यायची वाट बघत होते, आणि मी इतका सावकाश येत होतो की प्रत्येकाला ते लांबून येताना दिसत होतं. आरोन मान खाली घालून बसला होता. पहिली जागा आत्याला गेली म्हणून तो रागावेल असं मला वाटलं होतं. नंतर तो म्हणाला, तुमचं बोट ओळीवर अडखळताना बघवत नव्हतं, म्हणून खाली बघत होतो.

चोपन्नावं नाव झालं. पुढे कागद कोरा होता. दफनाच्या दिवशी इथे झरा होता.

“आणि झरा?” मागून कोणीतरी ओरडलं. “झऱ्याचं काय, बाबा?”

चाळीस मिनिटांचं भाषण घशाशी आलं. मी खुर्चीवर बसलो आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. एका हाताने ते थांबेल असा मला भरवसा नव्हता.

मग मतदान. आमच्याकडे घराचं नाव पुकारतात, कर्ता उठतो आणि ‘उघडा’ किंवा ‘बंद’ म्हणतो. ओर्बान फळ्यावर रेघा मारत होता, त्याचा खडू दोनदा मोडला. काठावरची चार घरं होती, त्यातली दोन पलीकडे गेली. मी डोळे मिटून घेतले. पण मग कंपनीच्या बाजूच्या दोन घरांनीही ‘उघडा’ म्हटलं, का ते देवाला ठाऊक. एकाने नंतर सांगितलं, इंजिनिअर नको तिथे हसला म्हणून.

“गाल्फी रेबेका.”

ती उठली. काळा रुमाल नीट केला.

“अकरा वर्षं मोझेश माझ्याशी बोलला नाही,” ती म्हणाली. “मीही बोलले नाही. पण संध्याकाळी झऱ्यावर तो माझ्या पुढे असला की पेला विसळून माझ्या हातात द्यायचा. रोज. माझ्याकडे न बघता, पण द्यायचा. दोनदा विसळायचा, मला माहीत होतं. तो साहेब म्हणतो आत कोणाला जाता येणार नाही.” ती इंजिनिअरकडे वळली. “मग पेला कोणी कोणाला द्यायचा? नळ देणार का?”

इंजिनिअरने आपल्या कागदांत शोधलं. तिथे ते नव्हतं.

“उघडा,” रेबेका म्हणाली आणि बसली.

तिच्यामागे चार गाल्फी ‘उघडा’ म्हणाले. पाचवा, तिचा चुलतभाऊ, ‘बंद’ म्हणाला. त्याच्या नातवाला तिथे नोकरी हवी होती. रेबेकाने त्याच्याकडे मान वळवून बघितलं, पण रागाने नाही. शेवटी तेहतीस आणि अठ्ठावीस. झरा उघडा राहिला.

लोक माझे हात हातात घ्यायला आले. ‘बाबा, तुम्ही वाचवलात!’ मी काय केलं होतं? उलटा कागद धरला होता. पण सवयीप्रमाणे मान झुकवून मी ते स्वीकारायला लागलो होतोच, तेवढ्यात रेबेका समोर आली.

“मत मी तुमच्यासाठी दिलं नाही.”

“मला कळलं, ताई.”

“पण मोझेशने तुम्हाला ते खरंच सांगितलं होतं, हे मला पटलं.”

“कशामुळे, ताई? माझ्या वाचण्यामुळे?”

“छे. असलं खोटं रचायला हुशारी लागते. उलटा कागद धरणाऱ्याला ते जमणार नाही.” मग हळूच म्हणाली, “पहिलं म्हणाला ना? आरोनच्या आधी?”

“आरोनच्या आधी.”

तिने मान हलवली, दोनदा, आणि गेली. पुढच्या रविवारी तिसरा बाक भरलेला होता. उपदेश संपल्यावर दारात ती म्हणाली, “तो शेवटचा मुद्दा काही पटला नाही, बाबा.”

त्यानंतर मी एकही निरोप कागदाशिवाय घेतला नाही. रेबेका प्रत्येक दफनाला पहिल्या रांगेत उभी राहायची आणि मी तोंड उघडायच्या आधी पान सुलटं आहे का ते बघायची. आता आमच्याकडे नवी, तरुण पाळकीण आली आहे, सरसर वाचणारी. तिचंही पान रेबेका बघते.

मी आता शहात्तर वर्षांचा आहे, रेबेका चौऱ्याऐंशीची. माझा निरोप मी स्वतःच लिहून ठेवला आहे, त्या बिचाऱ्या पाळकिणीवर कशाला सोपवा. परवा संध्याकाळी झऱ्यावर तो रेबेकाला दाखवला. तिने कागद हात लांब करून धरला आणि माझ्याहून निम्म्या वेळात वाचला.

“यात बस कशाला?” ती म्हणाली. “आणि हा बुलडोझर?”

“माझं आयुष्य आहे ते, ताई.”

“निरोप माणसांचा घ्यायचा असतो. बुलडोझर रडणार आहे का?” तिने एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली आणि बस खोडली, वीज खोडली, बुलडोझर खोडला. नावं शिल्लक राहिली. त्यात आपलं नाव तिने बोटाने शोधलं. सातवं होतं.

“सातवं ठीक आहे,” ती म्हणाली. “विल्माच्या आधी घेतलं असतंत तर मी तुम्हाला इथेच बुडवलं असतं.”

मग तिने आपली घागर भरली, पेला विसळला, दोनदा, आणि माझ्या हातात दिला.